बिल एकाचं, नंबर ज्याचा त्याचा: लांबच्या माणसांना फॅमिली प्लॅनमध्ये घेताना

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दर महिन्याला फोनचं एकच बिल येतं आणि त्यात चार नंबर असतात. एक माझा, एक ह्यांचा, एक पुण्याला शिकणाऱ्या लेकीचा आणि एक बंगळुरूला नोकरी करणाऱ्या पुतण्याचा. नाशिकची आत्या त्यात नाही. तिला घ्यायचा आम्ही पुष्कळ खटाटोप केला, आणि शेवटी जे ठरलं ते तिच्या जास्त सोयीचं निघालं. या सगळ्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांत निम्मं गोत महाराष्ट्रात, मुलं तिसऱ्याच राज्यात आणि सगळ्यांचे फोन-रिचार्ज पाहणारं माणूस एकच, असं चित्र जागोजागी दिसतं. त्या एका माणसासाठी हा लेख आहे.

फॅमिली प्लॅन पोस्टपेडमध्ये असतो. एक मुख्य नंबर, त्याला जोडलेले बाकीचे ‘अ‍ॅड-ऑन’ नंबर, आणि सगळ्यांचं मिळून एक बिल. एअरटेल, जिओ आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) या तिन्ही कंपन्यांकडे असे प्लॅन आहेत. दर मी मुद्दाम लिहीत नाही. जुलै २०२४ मध्ये तिघींनीही एकाच आठवड्यात दर वाढवले आणि जुने आकडे एका रात्रीत निरुपयोगी झाले. दर घेताना त्या दिवशीचेच घ्या, कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या दर-तुलनेच्या संकेतस्थळावरून.

दर पाहताना डेटा कसा वाटला जातो तेवढं मात्र नीट वाचा. काही प्लॅनमध्ये प्रत्येक नंबरला स्वतःचा ठरलेला डेटा मिळतो. काहींत सगळ्यांचा एकच हौद असतो आणि त्यातून ज्याला लागेल तो घेतो. एका घरात राहणाऱ्यांना हौद चालतो, कारण वायफाय असतं आणि आवाज देऊन विचारता येतं. माणसं चार गावांत असतील तर प्रत्येकाचा डेटा वेगळा असलेला प्लॅन घ्या. वसतिगृहातल्या मुलीने परीक्षेच्या काळात व्याख्यानं पाहिली आणि महिनाअखेर काकांना नकाशाही उघडेना, असं झालं की फोनच्या प्लॅनवरून घरात बोलाचाली होते.

आधी एक कागद घ्या

दुकानात जाण्याआधी अर्धा तास बसून एक तक्ता करा. प्रत्येक नातेवाइकाचा नंबर, कंपनी, प्रीपेड की पोस्टपेड, नंबर कोणाच्या नावावर आहे, तो पहिल्यांदा कुठल्या राज्यात घेतला, शेवटचा पोर्ट (नंबर तोच ठेवून कंपनी किंवा सर्कल, म्हणजे टेलिकॉमचा विभाग, बदलणं) कधी केला, आणि ते माणूस फोन कशासाठी वापरतं. हे सगळं फोन करूनच विचारा. ‘माझ्याच नावावर असेल’ या उत्तरावर थांबू नका.

यातला ‘कुठल्या राज्यात घेतला’ हा रकाना सगळ्यात जास्त अडवतो. टेलिकॉमच्या हिशेबात देशाचे २२ विभाग आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, पण मुंबई वेगळी. गुजरात वेगळं. त्यामुळे रायपूर-बिलासपूरचे नातेवाईक आपल्या इंदूरच्या सर्कलमध्ये येतात, आणि धुळं-जळगाव जवळ असूनही येत नाहीत.

माणूस आज कुठे राहतं याला इथे महत्त्व नाही, नंबर कुठल्या सर्कलचा आहे हे पाहायचं. लेकीने बारावीनंतर इंदूरचाच नंबर पुण्याला नेला, म्हणून ती लगेच जोडली गेली. देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे या कंपन्यांच्या आजच्या प्लॅनमध्ये लागत नाहीत, तेव्हा इंदूरचा नंबर पुण्यात वर्षानुवर्षं वापरता येतो. पुतण्याने मात्र नोकरी लागल्यावर बंगळुरूलाच नवा नंबर घेतला होता. तो कर्नाटक सर्कलचा. दुकानातल्या मुलाने पाहताक्षणी सांगितलं, “दीदी, सर्कल अलग है, ऐसे नहीं जुड़ेगा.”

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: दुसऱ्या सर्कलचा नंबर या प्लॅनमध्ये जोडता येतो का? उत्तर अ‍ॅपच्या चॅटवर किंवा ईमेलवर लेखी घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. काउंटरवरचं ‘हो जाएगा’ पुरेसं नाही. उत्तर नाही आलं तरी वाट आहे. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता एका सर्कलमधून दुसऱ्यात पोर्ट करता येतो. त्याची रीत पुढे सांगते.

नंबर कोणाच्या नावावर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: बिल तुम्ही भरा, पण नंबर वापरणाऱ्याच्या नावावर राहू द्या.

नवीन अ‍ॅड-ऑन सिम घ्यायला गेलं की दुकानदार सोयीची वाट दाखवतो. तुमचाच आधार, तुमचाच अंगठा, चारही सिम तुमच्या नावावर, दहा मिनिटांत काम. माणसं लांब असली की हा मोह फार होतो, कारण त्यांना बोलावण्याचा त्रास वाचतो. पण त्या नंबरवर पुढे काय काय येऊन बसतं ते पाहा. आधारचा ओटीपी, बँक, यूपीआय, पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, गॅसची नोंदणी. तो नंबर म्हणजे त्या माणसाची सहीच झालेली असते, आणि कागदावर ती सही तुमची असते. सिम हरवलं तर डुप्लिकेट घ्यायला तुम्हाला जावं लागतं. पोर्ट करायचा तर तुम्हालाच. त्या नंबरवरून काही गैर झालं तर पोलिसांचा पहिला फोनही तुम्हालाच येतो.

शिवाय मर्यादा आहे. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ नंबर असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ६. दूरसंचार कायदा २०२३ नुसार मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. आपला नंबर घालायचा, ओटीपी द्यायचा, यादी समोर येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, हे एकदा करून द्या.

आता आत्याचं सांगते. तिचा नंबर पंधरा वर्षांचा, सगळ्या गोतावळ्याला पाठ असलेला. आतोबा गेले त्यालाही सहा वर्षं झाली. फॅमिली प्लॅनसाठी तिचा नंबर पोर्ट करायला घेतला तेव्हा अर्ज परत आला. मग कळलं की नंबर आजही आतोबांच्या नावावर आहे. पेन्शनचे मेसेज, बँकेचे ओटीपी, आधार, सगळं दिवंगत माणसाच्या सिमवर चाललेलं. ते सिम एक दिवस खराब झालं असतं तर डुप्लिकेट मिळवताना तिचे हाल झाले असते, हे लक्षात आल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

अशा वेळी पोर्ट बाजूला ठेवायचं आणि आधी नाव बदलून घ्यायचं. रक्ताच्या नात्यात किंवा कायदेशीर वारसाला नंबर नावावर करून देता येतो. मूळ माणूस हयात असेल तर त्याचं ना-हरकत पत्र लागतं. नसेल तर मृत्यू दाखला, नात्याचा पुरावा, आणि नव्या माणसाचं आधार घेऊन केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी. हे काम सध्याच्या कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या दुकानात करा, गल्लीतल्या रिचार्जवाल्याकडे नाही. आत्याला त्या दुकानाने दोनदा परत पाठवलं, दर वेळी एक नवा कागद सांगून. तिसऱ्या खेपेला आत्येभावाने जाण्याआधी लागणाऱ्या कागदांची यादी लेखी मागून घेतली, तेव्हा काम झालं. नावबदल चालू असताना टाकलेला पोर्टचा अर्ज फेटाळला जातो, म्हणून तो पूर्ण झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा.

मुलांच्या बाबतीत उलटं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोन आईबापाच्या नावावर असणं साहजिक आहे. पण मुलगी शिकायला बाहेर पडली, तिचं बँक खातं झालं, की पहिल्या सुट्टीत नंबर तिच्या नावावर करून टाका.

पैशांचं गणित

एक बारकी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. प्रीपेडच्या रिचार्जवर लिहिलेली किंमत करासकट असते, पोस्टपेडच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. समजा मुख्य नंबरचं भाडं ७०० आणि तीन अ‍ॅड-ऑनचं प्रत्येकी ३०० आहे. बेरीज १,६०० झाली, त्यावर २८८ रुपये कर, म्हणजे बिल १,८८८. माणशी ४७२ रुपये. ही तुलना प्रीपेडच्या करासकट किमतीशी करा. आणि प्रीपेडचा प्लॅन बहुधा २८ दिवसांचा असतो, पोस्टपेडचा महिना पूर्ण. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज होतात, हेही धरा.

गणित करताना प्रत्येक माणसाचा खरा वापर पाहा. पुतण्याला महिन्याला भरपूर डेटा लागतो, त्याला फॅमिली प्लॅन फायद्याचा. आत्याकडे साधा बटणांचा फोन आहे. तिच्यासाठी डेटाचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले प्रीपेड पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं ठरवलं. आत्याचा नंबर तिच्या नावावर झाल्यावर आम्ही तिला असाच लांब मुदतीचा पॅक टाकून दिला. इंदूरहून माझ्या फोनवरून रिचार्ज होतो, कंपनी बदलावी लागत नाही, नाशिकमधल्या तिच्या घरात जिचं नेटवर्क नीट येतं तीच राहते. कुटुंबातल्या सगळ्यांना एकाच प्लॅनमध्ये ओढायलाच हवं असं नाही. माया असते म्हणून आपण तसं करू पाहतो, पण वडीलधाऱ्यांना बहुतेक वेळा बदल नको असतो.

नेटवर्कची खात्री तर आधीच करा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात, ते पाहा. तरीही त्या गावात, त्या घराच्या आतल्या खोलीत काय होतं ते शेजाऱ्याचा फोन आणूनच कळतं. शेजारी त्याच कंपनीचे असतील तर त्यांच्या फोनवरून एक कॉल करायला सांगा, बस.

पोर्टचा दिवस

नातेवाईक आधीच तुमच्याच कंपनीत आणि तुमच्याच सर्कलमध्ये असेल तर पोर्ट करावाच लागत नाही. अ‍ॅपमधून त्याचा नंबर जोडायचा, त्याच्या फोनवर ओटीपी जातो, तो त्याने तुम्हाला सांगितला की प्रीपेडचं पोस्टपेड होतं. २०२१ पासून यासाठी पुन्हा पूर्ण केवायसी लागत नाही आणि बहुतेक वेळा सिमही तेच चालतं.

कंपनी किंवा सर्कल बदलायचं असेल तर मुहूर्त सणाचा धरा. पुतण्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला इंदूरला येतो, तेव्हाच आम्ही त्याचं काम केलं. दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्ट करताना अर्ज नव्या सर्कलमध्ये द्यावा लागतो आणि माणूस केवायसीसाठी समोर असावं लागतं. त्याच्या आधारवर इंदूरचाच पत्ता होता म्हणून अडलं नाही. पत्ता दुसऱ्या राज्याचा असेल तर स्थानिक पत्त्याचं आणि ओळखीच्या माणसाचं काय लागेल ते दुकानात आधी विचारून ठेवा.

पाहुणे येण्याआधीच दोन गोष्टी बघा. नंबर घेऊन किंवा आधीचा पोर्ट होऊन ९० दिवस झालेले हवेत. आणि जुना नंबर पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं. थकबाकी हे अर्ज फेटाळला जाण्याचं ठरलेलं कारण आहे. जुलै २०२४ पासून आणखी एक नियम आला: सिम बदललं असेल तर त्यानंतर ७ दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. तेव्हा ‘जुनं सिम खराब आहे, आधी ते बदलून घेऊ’ असं आदल्या दिवशी करू नका.

आता कोड. ज्या नंबरचा पोर्ट करायचा त्याच फोनवरून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवायचा: इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग मोकळी जागा, मग तो दहा आकडी नंबर. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो चारच दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम, ईशान्येकडे ३० दिवस), म्हणून पाहुणे घरी पोचल्यावरच मागवा. रेल्वेत बसून मागवला आणि मध्ये रविवार आला, तर चार दिवस बघता बघता जातात. कोड, आधार आणि फोन घेऊन दुकानात जायचं, अर्ज भरायचा, नवं सिम घ्यायचं. अर्जावर नंबर कोणाच्या नावाने चालला आहे ते सही करण्याआधी वाचा.

त्याच सर्कलमध्ये पोर्टला ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. तोवर जुनं सिम चालू असतं. बदल होण्याची तारीख आणि वेळ एसएमएसने कळते, आणि त्या वेळी काही तास फोन बंद राहू शकतो. घरात कोणी आजारी असेल तर त्या रात्रीसाठी शेजारच्यांचा नंबर सगळ्यांना देऊन ठेवा. प्रीपेडमधली शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, ती आधी संपवा. पोस्टपेडमधून बाहेर पडलात तर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते राहिलं तर पोर्ट झालेला नंबरसुद्धा बंद पडू शकतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

नवं सिम घातल्यावर यूपीआयची अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागतात, त्यासाठी त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. डुप्लिकेट सिम घेतलं तर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणून फी, भाडं, तिकिटं असे तातडीचे व्यवहार आदल्या दिवशी उरकून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप आणि आधारची जोडणी नंबरवर असते, नंबर तोच राहिल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही.

सिम हरवलं तर परराज्यात डुप्लिकेट कसं मिळेल, हेही त्याच दिवशी दुकानात विचारून घ्या. सिम हरवल्यावर पुण्याहून फोन येतो तेव्हा विचारायला उशीर झालेला असतो.

बिल आणि हिशेब

मुख्य नंबरवाल्याने बिल चुकवलं तर सगळ्यांचे फोन अडकतात. त्यामुळे ऑटो-पे लावाच. १५ हजारांपर्यंतच्या अशा रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती सूचना आली की बिल उघडून पाहा. कोणाच्या नंबरवर न मागितलेली सेवा चालू झाली आहे का, परदेशी रोमिंग चुकून उघडं आहे का, हे त्या दिवशी दिसतं.

पैसे वाटून घ्यायचे असतील तर सुरुवातीलाच स्पष्ट ठरवा. यूपीआयवर ओळखीच्या माणसाला ‘पैसे मागणारी’ विनंती पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या पगाराच्या तारखेला स्वतः पाठवायचे, हेच चालतं. आमचा पुतण्या सहा महिन्यांचे एकदम देतो. मी त्याला आठवण करत नाही आणि तोही विसरत नाही, कारण पहिल्या दिवशी बसून आकडा ठरवला होता. लेकीचे मी घेत नाही.

मुख्य नंबरवाल्याच्या अ‍ॅपमध्ये कोणी किती डेटा वापरला हे दिसतं. ते पाहून मुलांना ‘रात्री दोनला काय करत होतीस’ असं विचारू नका. कोणाचा ओटीपीही मागू नका. नंबर जोडतानाचा तो एक सोडून. ‘काकूने मागितला म्हणून दिला’ ही सवय लागली की उद्या काकूच्या आवाजात कोणी ठगही मागेल.

बिलात चूक निघाली तर १९८ वर तक्रार करून क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा नावानिशी समावेश आहे.

कोणी परदेशी गेलं तर

फॅमिली प्लॅनमध्ये ठेवून परदेशी रोमिंगवर रोज बोलणं महागात पडतं. तिथलं सिम तिथे घ्यायचं आणि इथला नंबर फक्त ओटीपीसाठी जिवंत ठेवायचा. त्यासाठी स्वस्तातला प्रीपेड पॅक पुरतो. बराच काळ न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी ९० दिवसांनंतर बंद करू शकते, म्हणून शिल्लक ठेवून अधूनमधून वापर होऊ द्या. अनिवासी भारतीयांच्या (एनआरआय) खात्यांना अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात अशा काही देशांच्या नंबरवरून यूपीआय जोडण्याची परवानगी आहे. बँकेत विचारून ते करून घेतलं तर इथल्या सिमवरचा भार कमी होतो.

बाहेर पडण्याची वाट

प्लॅनमध्ये येतानाच बाहेर कसं पडायचं ते ठरवून ठेवा. मुलीचं लग्न होतं, पुतण्या स्वतःचं घर मांडतो, कोणाला कंपनीकडून फोन मिळतो. नंबर ज्याच्या त्याच्या नावावर असेल तर अ‍ॅड-ऑन काढून त्याच कंपनीत स्वतंत्र प्लॅन किंवा प्रीपेड करणं ओटीपीचं काम आहे. ते महिन्याच्या मध्ये न करता बिलाचं चक्र संपताना करा, म्हणजे दोन्हीकडे भाडं लागत नाही.

आणि मुख्य नंबरवालंच माणूस उद्या नसलं तर? आमच्याकडे ह्यांनी आणि मी मिळून एका वहीत लिहून ठेवलं आहे: मुख्य नंबर कोणाच्या नावावर, ऑटो-पे कुठल्या खात्यातून, बिलाची तारीख कोणती, आणि माझ्यानंतर हे कोण पाहणार. लेकीला ती वही कुठल्या कपाटात आहे ते माहीत आहे. आत्याच्या रिचार्जची पुढची तारीखही त्याच पानावर आहे.